येते म्हणून गेलेल्या काकू

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी काकू परदेशात शिकायला आल्या. बावीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेली बाई. नर्सिंगच्याच पुढच्या, वर्षभराच्या अभ्यासक्रमासाठी रजा मंजूर झाली आणि नवऱ्याला कुकरच्या शिट्ट्या समजावून त्या विमानात बसल्या. वर्गात आपल्याकडची दुसरी एकच मुलगी होती. तिने 'काकू' म्हटलं आणि महिन्याभरात प्राध्यापकांसकट सगळे त्यांना काकूच म्हणू लागले. प्राध्यापकांना वाटायचं, हे आडनाव आहे.

दर शनिवारी कॉलेजची बस मुलांना आसपासची ठिकाणं दाखवून संध्याकाळी परत आणायची. काकूंनी एकही शनिवार चुकवला नाही. पण बाईंचं बघणं म्हणजे वॉर्डातला राउंड. राजवाड्यात शिरल्या की आधी खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून धूळ बघणार. राजाच्या पलंगापाशी उभ्या राहून, "एवढ्या उंचावरून पेशंट पडला तर?" म्हणून विचारणार. धबधब्यापुढे मात्र दहा मिनिटं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चोवीस तास ड्युटी आणि बदलीला कुणी नाही, बिचारा!"

ती दुसरी मुलगी काकूंच्याच खोलीत राहायची. एकवीस वर्षांची, काकू तिला चिमणी म्हणत. वर्ग आणि खोली, यापलीकडे चिमणीने पाऊल टाकलं नव्हतं, की कुणाशी दोन शब्द बोलली नव्हती. तिसऱ्या महिन्यात तिने सांगून टाकलं, "काकू, मला नाही जमत. बाबा सोमवारी माझं परतीचं तिकीट काढतायत."

वर्ष वाया जाईल गं, हे काकू मोठ्याने बोलल्या. आपण इथे एकट्या पडू, हे गिळलं. "बरं, पण एवढा शनिवार माझ्याबरोबर चल," एवढंच म्हणाल्या.

त्या शनिवारी बस तळ्याकाठच्या एका गावी गेली. चिमणी दिवसभर मान खाली घालून चालली. निघायची वेळ झाली आणि नेमकं तेव्हा तिला जुन्या घड्याळांचं संग्रहालय दिसलं. तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. पोर पाटीसमोरून हलेना. काकूंनी तिथल्या तिथे ठरवलं, आपण दोघी मागून रेल्वेने जाऊ. त्यांनी बसच्या ड्रायव्हरला गाठलं. मोठ्या मिशांचा, साठीला टेकलेला, वेळेचा पक्का माणूस. त्याला त्याच्या भाषेत त्या म्हणाल्या, "आम्ही घड्याळं बघतो. बरंय, येते मी!" रेल्वेचं सांगायचं घाईत राहूनच गेलं.

आत चिमणीची कळी खुलली. हा लंबक, ही स्प्रिंग, आजोबा इथे तेल सोडायचे. तिची टकळी सव्वा तास थांबली नाही. काकूंना घड्याळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या जिवाचा कान करून ऐकत होत्या.

दोघी स्टेशनकडे निघाल्या, तर वाटेत कॉलेजची बस जागच्या जागी उभी! खिडक्यांत चाळीस आंबट चेहरे.

"अगंबाई, बंद पडली वाटतं," म्हणत काकू धीर द्यायला पुढे झाल्या. "काय हो, बिघडली का?"

ड्रायव्हर लालबुंद झाला. "बाई, येते म्हणालात ना तुम्ही? सव्वा तास थांबलोय! फोन का उचलत नाही?"

काकूंनी संग्रहालयात शिरताना शहाण्यासारखा फोन बंद केला होता, आणि चिमणीचा नंबर तर वर्गात कुणाकडेच नव्हता. परकी भाषा तर सोडाच, काकूंना मराठीही सुचेना.

तेव्हा चिमणी बसमध्ये चढली आणि तिने सरळ माईक उचलला. "काकूंचं चुकलं, पण ऐका. आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. 'येते' म्हणतात. काकू तुमचा निरोप घेत होत्या आणि तुम्ही त्यांची वाट बघत बसलात!"

मागून कुणीतरी विचारलं, "मग खरंच येणार असतील तेव्हा काय म्हणतात?"

"तेव्हाही येते!"

सगळी बस खो खो हसत सुटली. ड्रायव्हरच्या मिशासुद्धा हलल्या.

परतताना मागच्या बाकावरच्या पोरांनी चिमणीला आपल्यात ओढलं. काकू पुढे ड्रायव्हरशेजारी अपराधी चेहऱ्याने बसल्या होत्या. थोड्या वेळाने चिमणीचा फोन वाजला. तिचे बाबा. ती मोठ्याने बोलत होती, ते पुढे काकूंनाही ऐकू येत होतं.

"बाबा, तिकीट नका काढू. नाही हो, करमतंय असं नाही, रडू येतंच अजून. पण काकूंना टाकून कशी येऊ? मी जाणार म्हटल्यापासून रोज उशीत तोंड खुपसून रडतायत त्या. त्यांना वाटतं, मी झोपलेय."

बावीस वर्षं काकूंनी पेशंटचं दडवलेलं रडू चादरीवरून ओळखलं होतं. आपलं कुणी ओळखेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आता चाळीस जणांदेखत त्यांना रडू फुटलं, आणि या वेळी त्यांनी तोंड लपवलं नाही.