नळाबाबत हरकती

आपलं सरकार आलं आणि डोंबिवलीतल्या पेन्शनरांना त्यांचं मत विचारणारं कुणीतरी भेटलं. एरवी घरात ते कुणी विचारत नसे. ते न विचारता मिळायचं, हा भाग वेगळा.

माझे सासरे शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि राज्य आपण चालवतोय, असा त्यांचा पक्का समज झाला होता. अशात एके दिवशी देवळाच्या भिंतीवर सरकारी नोटीस लागली. गावात सार्वजनिक नळ बसणार होते, त्यांतला एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. ती वाचली आणि कळशी कमरेवर तशीच घेऊन मी सासूबाईंना सांगायला पळाले. पळाले म्हणजे सातव्या महिन्यात जेवढं पळता येतं तेवढं. मे महिना होता आणि विहिरीनं तळ गाठला होता.

नोटीस वाचून सासरेही लगबगीनं घरी आले, पण वेगळ्याच कारणानं.

"हरकती मागवल्यात," खुर्चीत बसत ते म्हणाले. "इंग्रजानं दीडशे वर्षांत एकदा तरी विचारलं का, की बाबांनो, तुमची काही हरकत आहे का?"

"मग आपली आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"शोधावी लागेल."

संध्याकाळपर्यंत सापडली. नोटिशीत 'विहिर' ऱ्हस्व पडली होती. शेजारी रेल्वेतले निवृत्त हेडक्लार्क राहायचे, त्यांना नळाचं तोंड दक्षिणेकडे नको होतं. समोरच्या वकिलांचं म्हणणं, देवळाच्या भिंतीला नोटीस चिकटवताना पंचांना विचारलं होतं का? एका गृहस्थांची काहीच हरकत नव्हती. त्यांचा चेहरा इतका पडला की बाकीच्यांनी आमच्या ओट्यावर बसून त्यांच्यासाठी एक तयार केली. या सगळ्या राष्ट्रकार्याला चहा मी पुरवत होते आणि त्या चहाचं पाणीही मीच आणलेलं होतं. माझं डोकं सणकलं होतं, पण नव्या सुनेनं तोंड उघडायचं नाही.

पुढे शाळेत सुनावणी झाली. कल्याणहून एक तरुण साहेब आले. पुरुषमंडळी कोट-टोपी घालून पुढे बसली, आम्ही बायका मागे भिंतीपाशी. साहेबांनी कागदांचा गठ्ठा उलगडला आणि कपाळाला हात लावला.

"या गल्लीचा नळाला एवढा विरोध का, मला कळत नाही. शेजारच्या कोपर गावातून एकही हरकत नाही. तुमचा नळ तिकडे देऊन टाकतो."

पुढच्या रांगेत एकच गडबड उडाली. सासरे उठले. "साहेब, विरोध कुठंय? हरकत आहे. या दोन शब्दांच्या अर्थात फरक आहे." तो फरक त्यांनी वर्गात सांगावा तसा सोदाहरण सांगितला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कागदावर लिहिलं, 'विरोध'.

तेव्हा माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. चारचौघांत त्यांना बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, माझीही एक हरकत लिहून घ्या."

"कशाला?"

"ह्यांच्या हरकतीला."

सगळे हसले, साहेबसुद्धा. ते म्हणाले, "मुदत संपली, बाई. पण ज्यांनी दिलीय त्यांना ती मागे घेता येईल. कारण लिहून द्यावं लागेल."

"अहो, घ्या लिहायला," सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या. "मी सांगते."

सासऱ्यांनी निमूटपणे पेनाचं टोपण काढलं.

"लिहा. विहिरीत पाणी उरलं नाही. पायऱ्यांनी तळापर्यंत उतरून वाटीवाटीनं कळशी भरावी लागते."

एवढं लिहून पेन थांबलं. "उतरतं कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"इतके दिवस ही उतरत होती. गेल्या आठवड्यात हिचा पाय घसरला. तेव्हापासून मी उतरते."

हसणं थांबलं. सासऱ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. घरातला हंडा त्यांनी कायम भरलेलाच पाहिला होता. तो भरतो कसा, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. मला त्यांचा राग आला होता, अजूनही आठवलं की येतो, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा पाहून वाईटही वाटलं. त्यांनी कागद पुरा करून सही केली. त्यांच्यामागून एकेकानं आपापली हरकत मागे घेतली. वकिलांनी तेवढा वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे धोतर खोचून, कळशी घेऊन विहिरीवर गेले. बायका चटकन बाजूला सरल्या. त्यांना कळशी कमरेवर घेता येईना, म्हणून त्यांनी ती लहान मुलासारखी पोटाशी धरली.

नळ बसला तो दिवाळीच्या सुमारास. तोवर पाणी तेच भरत होते, निम्मं वाटेत सांडत, आणि पाऊस लागून विहीर भरेपर्यंत सासूबाईंना त्यांनी त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवू दिलं नाही.