औषध न सुचणारा आजार

“आजार असा सांगायचा की ऐकणाऱ्याला औषध सुचायला नको.”

हे अक्काचं ठरलेलं वाक्य. नवं पोर आणि त्याला घेऊन आलेला मामा, आजोबा, मावशी असं कुणी समोर बसलं की अक्का आधी उठून खिडकी लावायची, खुर्ची पुढं ओढायची, पदर खोचायची आणि अत्यंत गुप्तपणे हे वाक्य अशा आवाजात सांगायची की बाहेर स्टँडवरचे रिक्षावाले माना वळवायचे. देवानं तिला कुजबुजायची सोयच दिली नव्हती.

आमचं केंद्र सरकारी. एचआयव्ही असलेल्यांना रोजच्या गोळ्या इथं फुकट मिळतात. मी गोळ्यांच्या खिडकीवर बसणारा फार्मासिस्ट, आणि अक्का माझ्या शेजारच्या प्लायवूडच्या खोलीत. तिचं पद कंत्राटी. गोळ्या चुकवणाऱ्यांना घरी जाऊन परत आणायचं हे तिचं काम, आणि त्यातही जन्मापासून हा आजार असलेली पोरं खास तिच्याकडं. बाई शिरोळकडची, पन्नाशीला टेकलेली. मोठे डॉक्टरसुद्धा तिला अक्काच म्हणायचे.

तसं बघितलं तर काम सोपं. गोळी रोज एकच. ती न चुकता घेतली की पोर शिकतं, नोकरीला लागतं, यथावकाश म्हातारं होतं. अडचण गोळीची नाही हो, अडचण कोल्हापूरची आहे. इथं एसटीत शेजारी बसलेला माणूस “कुठलं पावणं?” इथनं सुरुवात करतो आणि शिरोलीचा पूल यायच्या आत तुमच्या घरातली सगळी दुखणी काढून घेतो. तुम्हीही कधीतरी अशी उलटतपासणी दिली असेलच. अशा मुलखात एक पोर रोज संध्याकाळी गोळी खातंय म्हटल्यावर “कसली रं ही गोळी?” विचारणारी दहा माणसं उंबऱ्यातच उभी. आणि नुसतं विचारून गप्प बसली तर ती आमची माणसं कसली! ती उपाय सांगणार.

म्हणून अक्का प्रत्येक पोराला बाहेर सांगायचा एक आजार नेमून द्यायची. त्यात तिचा अभ्यास दांडगा. सुरुवातीला “रक्त कमी हाय” चालायचं. पण जयसिंगपूरच्या एका पोराला निघाल्या चार आत्या. चौघींनी बीट, खजूर आणि कलेजीचा असा मारा केला की ते पोरगं भाजीच्या गाड्यावर बीट दिसलं तरी रस्ता बदलायचं. रक्त कमी रद्द झालं. मग थायरॉईड. तर आमच्या शिवाजी पेठेत घरटी एक थायरॉईडवाली! ती आपली डबी आणून शेजारी ठेवणार, “माझी तर बारकी, आणि हिची एवढी दांडगी कशी गं?” थायरॉईडही रद्द. मग एकाला फिट नेमली. गावच्या जत्रेत, म्हाईच्या जेवणात त्याला रश्श्याचा ठसका लागला, आणि एका पावण्यानं धावत येऊन त्याच्या नाकाला पायातली चप्पल लावली. “अवो, त्याला फिट आलीच न्हवती,” असं आईनं सांगितलं, तर पावणा म्हणाला, “चप्पल लावली म्हणूनच आली न्हाय.”

सरतेशेवटी अक्काला ॲलर्जी सापडली. कशाची ॲलर्जी? “त्येच कळंना, डॉक्टर हुडकत्यात.” दहा वर्षं हुडकत्यात? “सरकारी हाय न्हवं, सावकाश चालतंय.” ह्यावर मात्र सगळा जिल्हा मान डोलवायचा. सरकारी म्हटल्यावर कुणाला उपाय सुचत नाही.

आता ह्यात चूक कुठं झाली ते सांगतो, कारण तिच्यात माझाही वाटा आहे. ॲलर्जी होती बाहेरच्यांसाठी. पण घरचे लोक एकच गोष्ट दोन तऱ्हांनी किती दिवस सांगणार? त्यांनी ती पोरांनाही सांगून टाकली. पोर जाणतं होईल तसं त्याला टप्प्याटप्प्यानं खरं सांगावं, असा वरून हुकूम आहे. त्याचा एक फॉर्मही आहे. फॉर्मात तीन चौकोन आहेत: सुरू नाही, प्रक्रिया सुरू, पूर्ण. मी सगळ्या पोरांच्या फॉर्मांवर “प्रक्रिया सुरू” ह्या चौकोनात खूण करायचो. दर वर्षी करायचो. तपासणीला साहेब यायचे, खुणा बघायचे, चहा प्यायचे आणि “छान काम आहे” म्हणून जायचे. प्रत्यक्षात प्रक्रिया एवढीच, की मामा म्हणायचे, “धावी हू दे.” दहावी झाली की, “बारावी हू दे.” त्याच्या पुढं “लगीन हू दे” म्हणणारेही मी पाहिलेत.

आणि एक दिवस ती पोरगी आली.

शिरोळ तालुक्यातल्या एका गावची, सोळा वर्षांची, जयसिंगपूरला अकरावी सायन्सला. आई-बाप लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेली. कॉलेज बुडतं म्हणून तिच्या गोळ्या मामाच न्यायचा. मी विचारायचो, “घेती न्हवं वेळेवर?” मामा म्हणायचा, “घेती की!” मी लिहायचो, उत्तम. त्या दिवशी तपासणीला रक्त द्यायचं म्हणून मामानं तिला बरोबर आणलेलं. तिनं पिशवीतनं चार बाटल्या काढल्या आणि माझ्या खिडकीत मांडल्या. चारही सीलबंद.

“सर, ह्या परत घ्या. दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील.”

“आणि तुला?”

“माझी ॲलर्जी बरी झाली.”

पोरगीनं प्रयोग केला होता हो! वही काढून दाखवली. गोळी बंद केली त्याची तारीख. मग आठवडाभर शेंगदाणे, आठवडाभर वांगी, मग अंडी. मांजर मांडीवर घेऊन बसली. उसाचा पाला पेटवला तिथं धुरात उभी राहिली. प्रत्येक ओळीपुढं लिहिलेलं, ‘शिंक नाही. खाज नाही.’ शास्त्राच्या मास्तरांनी डोक्यावर घेऊन नाचावं अशी वही. आणि चार महिने पोटात एक गोळी नाही.

रक्ताचा अहवाल यायचा तोच आला. विषाणू नको तेवढे वाढलेले. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज गोळ्या सुरू करा, आणि कशासाठी ते तिला कळल्याशिवाय ती काही घ्यायची नाही. मामा हात जोडून उभा. “सायेब, बारावी तेवढी हू दे.” आणि मी काय बोललो ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी अक्काला बाजूला घेऊन म्हणालो, “पोरगीला थायरॉईड सांगूया का?”

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरलो. “तिनं आता थायरॉईडचा परयोग करायचा, व्हय रं? ही ॲलर्जी म्या काढली. मीच मिटवती.”

मामाला बाहेर बसवून ती पोरगीला आत घेऊन गेली. मी प्लायवूडच्या अलीकडं. कान देऊन ऐकलं म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. अक्का पाच मिनिटं काहीतरी बोलली, आणि मला एक शब्द ऐकू आला नाही. तिचा आवाज इतका खाली जाऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मग पोरगीचा आवाज आला.

“म्हणजे मी मरणार.”

आणि टेबलावर काहीतरी दाणकन आपटलं.

“मी मेल्यागत दिसती व्हय गं तुला? चौदा वर्षं खाती मी ह्याच गोळ्या! ही बघ माझी बाटली.” हे मात्र रिक्षा स्टँडपर्यंत गेलं असणार.

मी स्टुलावर बसलो. नऊ वर्षं ह्या बाईच्या डब्यातलं खाल्लं होतं मी. दर महिन्याला एक सोमवार रजा काढून ती शेजारच्या जिल्ह्यात नणंदेकडं जायची. त्या नणंदेचे गुडघे दुखायचे. मी, औषधांतला जाणकार माणूस, त्या गुडघ्यांसाठी दर महिन्याला तेल सुचवायचो, एकदा तर पट्टा विकत आणून दिला होता. नणंद नव्हतीच. तिथल्या केंद्राची रांग होती. जिल्ह्याला ॲलर्जी दिली तशी मला नणंद दिली होती, आणि मी उपाय सांगत बसलो होतो.

अक्का बाहेर आली. “ऐकलंस?”

“न्हाय.”

“नऊ वर्षं माझ्याजवळ बसून तुला अजून धड खोटं बोलायला येईना,” ती म्हणाली आणि तोंड धुवायला गेली. मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, ते आजही नीट सांगता येत नाही.

पोरगी बाटल्या न घेताच गेली. मामानं तक्रार ठोकली. कार्यालयातून अक्काला लेखी विचारणा आली: मुलीच्या फॉर्मावर प्रक्रिया सुरू असताना तिला एकदम खरं का सांगितलं? इतक्या वर्षांत खोट्याबद्दल एका ओळीचा कागद आला नव्हता, खऱ्याबद्दल दोन पानं आली. अक्कानं ती पानं पसरून त्यावर भडंग खाल्लं.

पण शनिवारी दुपारी ती जयसिंगपूरची एसटी धरायला लागली. पोरगीच्या कॉलेजच्या दारासमोर रस्त्यापलीकडं उभी राहायची. हाक नाही, खूण नाही. पोरगी मान फिरवून मैत्रिणींबरोबर निघून जायची. “मग जातीस कशाला?” मी विचारलं.

“नुसतं दाखवून येती तिला. अजून जिती हाय म्हणून.”

पाचव्या का सहाव्या शनिवारी पोरगी रस्ता ओलांडून आली आणि तिनं नुसता हात पुढं केला. अक्कानं पिशवीतली तिची बाटली काढून दिली. सोमवारी हे मला सांगताना अक्का रडली, आणि रडताना तिचा आवाज आणखीनच मोठा झाला.

मार्चअखेर तिचं कंत्राट संपलं. नवीन निघालं नाही. कारण विचारलं तर “पदांची फेररचना.” शाल, नारळ, एक फोटो, आणि मोठ्या साहेबांचं समर्पित सेवेवर भाषण. साहेबांनी नाव चुकीचं घेतलं. अक्का जाताना मला डबा देऊन गेली, म्हणाली, “धुऊन ठेव, न्यायला येती.” आली नाही.

गेल्या महिन्यात पोरगी आली. एकटीच, मामाशिवाय. अहवाल घेतला. रक्तात विषाणू सापडले नाहीत. एवढी आनंदाची गोष्ट, पण तिनं कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, “सर, अक्का कुठं हायत? दोन म्हयनं झालं, शनिवारी दिसंनात.”

“त्यांची नोकरी संपली.”

“त्ये न्हाय विचारलं. त्या गोळी घेतायत न्हवं?”

रंकाळ्याकडं कुठंतरी भाड्यानं राहायची, एवढंच मला माहीत. आमच्यापैकी एकाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. गोळ्या न घेणाऱ्यांना शोधायची माणसं आम्ही!

“त्यांच्याकडं बघून तर गोळी घेती मी,” पोरगी म्हणाली. “फोन लावा की.”

मी फोन लावला. रिंग गेली. माझ्या मागच्या लोखंडी कपाटात काहीतरी वाजायला लागलं. प्रकल्पाचा फोन, पद संपल्यावर जमा केलेला. मी बंद करेपर्यंत तो वाजत राहिला. पोरगीनं कपाटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बाटली पिशवीत टाकली.

“पुढच्या म्हयन्यात येती. तवर त्यांना हुडकून ठेवा.”

तेव्हापासून सोमवारी रजा टाकतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या त्या केंद्राच्या दारासमोर चहाचा गाडा आहे, तिथं उभा राहतो. खिडकीवर विचारता येत नाही. मीही कुणाला सांगितलं नसतं. रांग सुरू होते तेव्हापासून संपेपर्यंत एकेक तोंड बघतो. तीन सोमवार झाले, अक्का आलेली नाही. पोरगी येत्या बुधवारी येणार आहे.