बोअरचं पाणी आणि माझं कोष्टक

१९ एप्रिल, रविवार. विहीर मोजायची होती. दोरीला दगड बांधला, हातहातभर अंतरावर गाठी मारल्या आणि लातूरहून औशाकडची पहिली बस धरली.

शेतातली विहीर माझी आणि दिरांची सामाईक. त्यांची जमीन जास्त, म्हणून आठवड्यातले चार दिवस पाणी त्यांचं, तीन माझं. गेल्या वर्षी त्यांनी विहिरीपासून चाळीस पावलांवर बोअर घेतला. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, तेव्हा रीतसर कोष्टक मांडलं. त्यांना पर्यायी पाणी मिळालं, म्हणजे विहिरीची त्यांची गरज कमी झाली. कोष्टक दाखवून त्यांचा एक दिवस मागून घेतला. त्यांनी वाद न घालता दिला. त्या दिवसाच्या भरवशावर माझ्या मोसंबीच्या पंचवीस झाडांशेजारी आणखी पंधरा रोपं लावली.

बोअरची मोटर लहान. तिचं पाणी दीर विहिरीत सोडतात आणि मोठ्या मोटरने उपसतात. इकडे बरेच जण तसंच करतात. कोष्टकात ते कुठे लिहावं कळेना, म्हणून लिहिलं नव्हतं.

दगड पाण्याला टेकला तेव्हा हातात बाविसावी गाठ होती. मागच्या रविवारीही बाविसावीच. मधल्या काळात उपसा तेवढाच होता, पण सोमवारीच बोअरची मोटर जळाली होती.

"काय मोजून राहिलात, वहिनी? मगर सोडायची हाय का?" दीर विहिरीच्या काठाशी, जुन्या मोटेच्या धावेवर येऊन उभे राहिले.

"आठवडाभर बोअर बंद आहे, भाऊजी, आणि पाणी तेवढंच आहे."

"मग बरंच हाय की."

"त्याचं पाणी पडत नसूनही विहीर उतरली नाही. म्हणजे बोअर विहिरीचंच पाणी ओढत होता."

"म्हंजे वर्षभर मी रात्रीचं उठून विहिरीतलं पाणी विहिरीत टाकून राहिलो."

"हो."

"अन् तुम्ही हेच शिकवता. तरी कळलं न्हाई?"

"नाही."

"मग जळालेली मोटर काई वायंडिंग भरून आणत न्हाई मी. पण माझा दिवस तेवढा माघारी द्या."

दिला. तीन दिवसांच्या पाण्यात चाळीस झाडं जगत नाहीत. दोरी गुंडाळून ठेवली आणि रात्री शेतावरच राहिले.

सोमवारी सकाळी पंधरा रोपांभोवतीची पाण्याची आळी कुदळीने मोडली. चार रोपांना नवी पालवी होती, त्यांचीही मोडली. नळी जुन्या झाडांकडे वळवली आणि साडेआठची बस पकडून दहाचा तास घेतला.