वाणातली काच

हेमांगी साटमला इमारती आवडायच्या, कारण इमारती आपणहून बोलत नाहीत. काही सांगायचं असेल तर त्या ओल धरतात, भेग पाडतात, अगदीच झालं तर सज्जाचा तुकडा खाली टाकतात, पण "बाकी काय विशेष?" असं विचारत नाहीत. कॉलमवर हातोडीने टकटक केली की आतलं काँक्रीट भरीव आहे की पोकळ, हे तिला नुसत्या आवाजावरून कळे. माणसांच्या बाबतीत ही विद्या कुचकामी होती. माणसांवर हातोडी चालवता येत नाही, ही त्यातली मुख्य अडचण.

जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट हा तिचा व्यवसाय. राहायची डोंबिवलीला, ऑफिस ठाण्यात कोपरीला, दहा बाय बाराचं. दारावर दोन नावं होती, तिचं आणि प्रीतम राऊतचं. कामाची वाटणी सरळ होती: प्रीतमने बोलायचं, हिने तपासायचं. प्रीतम सोसायटीच्या सभेत शिरला की दहाव्या मिनिटाला चेअरमनना 'काका' म्हणायचा आणि विसाव्या मिनिटाला काकांच्या मुलीच्या लग्नासाठी हॉल सुचवायचा. अकरा वर्षं हे झकास चाललं. मग गेल्या दिवाळीत प्रीतम घोडबंदर रोडवरच्या एका रीडेव्हलपमेंट कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट झाला आणि जाताना आपल्या नावाची पाटी स्क्रू काढून घेऊन गेला. दारावर दोन भोकं राहिली.

"तूपण ये ना," तो म्हणाला. "तुझ्यासाठी केबिन ठेवलीय. रिपोर्ट आमची पोरं बनवतात, फॉरमॅट रेडी असतो. तू फक्त सही करायची."

"न बघता?"

"अगं, बघायचं काय त्यात? तीस वर्षांवरची बिल्डिंग म्हणजे धोकादायकच."

हेमांगीची सासू चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि तिच्यात पाडण्यासारखं काही आढळलेलं नव्हतं. पण हे तिला सुचलं ते घरी पोचल्यावर. प्रीतमसमोर ती एवढंच म्हणाली, "एकतीस मार्चला सांगते." ऑफिसचा भाडेकरार त्याच दिवशी संपत होता. तोवर तीन सोसायट्यांचं काम मिळालं तर करार पुढे चालू, नाहीतर केबिन आणि सही. हातात पाच महिने होते. ओळखीची माणसं, प्रीतम वगळता, सहा. त्यातले दोन झेरॉक्सवाले.

नवऱ्याने, म्हणजे नयनने, तिला काही व्हिडिओ पाठवले. 'अबोल माणसांसाठी नेटवर्किंग'. ते बनवणारी माणसं आयुष्यात कधी गप्प बसली असतील असं त्यांच्याकडे बघून वाटत नव्हतं. तरी हेमांगीने ते वहीत नोंदी काढत पाहिले. कार्यक्रमाला लवकर जा, गर्दीच्या आधी. सगळ्यांशी नको, एकाशीच मनापासून बोला. हे तिला पटण्यासारखं होतं.

ठाण्यात उद्योजकांचा एक ब्रेकफास्ट क्लब होता. दर बुधवारी सकाळी पावणेसातला एका हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीस माणसं टाय लावून जमत आणि एकमेकांना कामं मिळवून देण्याची शपथ घेत. सल्ल्याप्रमाणे हेमांगी लवकर गेली. सव्वासहाला हॉलमध्ये फक्त इडल्यांचा स्टँड लावणारा माणूस होता. त्याच्याशी तिचं मनापासून बोलणं झालं. वीस मिनिटं. त्याची चाळ कळव्याला होती आणि छत गळत होतं. मग बाकीचे आले आणि दिवस बिघडला.

प्रत्येक सभासदाने उभं राहून पंचेचाळीस सेकंदांत आपली ओळख करून द्यायची, असा तिथला नियम. पंचेचाळीस झाले की घंटा. हेमांगीची पाळी आली. ती उठली.

"नमस्कार. मी हेमांगी साटम. मी इमारती तपासते."

आणि बसली. सहा सेकंद झाले होते. पण सभासदाचा वेळ हा सभासदाचाच, असं क्लबच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असल्याने उरलेले एकोणचाळीस सेकंद कोणी त्यात घुसलं नाही. चाळीस माणसं तिच्याकडे बघत बसली, ती सांबाराकडे. शेवटी घंटा वाजली आणि टाळ्या पडल्या.

त्यानंतर एका मॉड्युलर किचनवाल्याने तिला कोपऱ्यात गाठलं. "मॅडम, आपण एकमेकांसाठी काय करू शकतो?"

हेमांगीने प्रश्नावर प्रामाणिकपणे विचार केला. "मला नाही वाटत काही करू शकू," ती म्हणाली.

नोव्हेंबर, डिसेंबर आणि अर्धा जानेवारी ती दर बुधवारी गेली. या काळात तिच्या घरी नवा वॉटर प्युरिफायर लागला, नयनचा आरोग्य विमा दोनदा उतरवला गेला आणि एका लाइफ कोचने तिला सांगितलं की तिचा प्रॉब्लेम घशात नसून बालपणात आहे. काम एकही मिळालं नाही. नाही म्हणायला बोलावं लागतं, आणि विमावाल्यांना हे बरोबर कळतं.

सासूबाई हे सगळं स्वयंपाकघरातून बघत होत्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं.

"भल्या पहाटे उठून इडल्या खायच्या, एकमेकांना नावं सांगायची आणि वस्तू खपवायच्या. एवढंच ना तुझ्या क्लबात? अगं, पन्नास वर्षं आम्ही दुसरं काय करतोय? हळदीकुंकू म्हणतात त्याला. आणि ते संध्याकाळी असतं, माणसांच्या वेळेला."

"आई, तिथे कामाचं कोण बोलणार?"

"न बोलायला काय झालं? सभेत हात वर करतात पुरुष. पण छताचा पोपडा पडतो तो बाईच्या कणकेत. माझं सगळं भजनी मंडळ बोलावते, डोंबिवली, कल्याण, कळवा. बेचाळीस बायका होतील. वाण तेवढं तू आण. तुझ्या कामाची आठवण राहील असं काहीतरी बघ."

सासूबाईंच्या हातून आयुष्यात फार चुका झाल्या नव्हत्या. हे शेवटचं वाक्य ही त्यांतली एक.

वाण म्हणून लोक काय देतात याचा हेमांगीने अभ्यास केला. स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा, चहाची गाळणी. तिच्याच घरात न वापरलेल्या अकरा गाळण्या निघाल्या. हा उधळेपणा तिच्या इंजिनिअरच्या मनाला सहन होईना. तिने जरा विचार केला आणि प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडून पातळ काचपट्ट्यांची खोकी आणली. मायक्रोस्कोपखाली ठेवतात तसल्या, बोटभर लांबीच्या. भिंतीला किंवा कॉलमला भेग असली की तिच्यावर अशी पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं पक्की चिकटवतात. भेग जुनी, निवांत असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. भेग सरकत असेल तर काच फुटते. साधी, जुनी युक्ती, आणि काचेला बोलावं लागत नाही. हेमांगीने प्रत्येक पाकिटात एक काच, चिकटवायच्या मसाल्याची पुडी, एक सूचनापत्र आणि आपला नंबर घातला. पाकिटांवर स्वस्तिकही काढलं.

हळदीकुंकवाचा दिवस पहिला तासभर तर तिला चक्क आवडला. दारात उभं राहायचं, हळद, कुंकू, अत्तर, गुलाबपाणी, हातावर तिळगूळ. आणि तिळगुळासोबत म्हणायचं वाक्यही आधीच ठरलेलं. दोन्ही बाजूंना काय बोलायचं ते माहीत असलेला एवढा सुबक कार्यक्रम उद्योजकांना का सुचला नसेल, याचं तिला नवल वाटत होतं. तेवढ्यात बी विंगच्या रसिकावहिनींनी पाकीट उघडलं. रसिका सामंत ही बाई सोसायटीत सेक्रेटरीची पत्नी म्हणून ओळखली जाते, पण सेक्रेटरी घरी विचारून सह्या करतात.

"हे काय गं हेमांगी?"

विषय भेगांचा निघाल्यामुळे हेमांगीला कधी नव्हे ती वाचा फुटली. "ही भेगेवर चिकटवायची, वहिनी. भेग वाढत असेल तर फुटते."

"फुटते?"

"हो. फुटायलाच हवी, त्याशिवाय कळणार कसं?"

ज्या घरांत हातातल्या बांगडीचं बरंवाईट झालं तरी 'फुटली' असा शब्द उच्चारत नाहीत, त्या बेचाळीस घरांतल्या सवाष्णी आपापल्या हातातल्या पाकिटाकडे बघू लागल्या.

"संक्रांतीचं वाण," रसिकावहिनी सावकाश म्हणाल्या, "सवाष्णीला, फुटायला दिलेली काच. साटमकाकू, सुनेला काही सांगितलेलं नाही का तुम्ही?"

"मी तिला आठवण राहील असं आण म्हटलेलं," सासूबाई पुटपुटल्या.

"राहील हो. चांगलीच राहील."

पुढचे आठ दिवस सासूबाई फक्त कुकरशी बोलल्या. एरवी घरातली शांतता हेमांगीला पथ्यावर पडली असती. पण ही शांतता वेगळी होती, भांडी आपटणारी. मंडळात तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं त्या कुकरला दोनदा म्हणाल्या. फोन एकही आला नाही. हेमांगीने ऑफिसमधल्या फायली खोक्यांत भरायला घेतल्या.

तिकडे बेचाळीस घरांत मात्र वेगळाच पेच उभा राहिला होता. वाण टाकून देता येत नाही. परत करता येत नाही. दुसरीला द्यावं तर आपला अपशकुन तिच्या गळ्यात. ड्रॉवरमध्ये ठेवलं तर पोरांच्या हातून फुटणार, मग झालंच. शेवटी रसिकावहिनींनी ते सूचनापत्र चष्मा लावून वाचलं आणि मंडळाच्या ग्रुपवर निकाल टाकला: काचेला भिंतीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, मसाला दिलाच आहे, चिकटवून टाका आणि मोकळ्या व्हा.

मोकळं कोणीच झालं नाही. भिंतीवर चिकटलेली काच येताजाता दिसते. सकाळी उठल्यावर देवाच्या आधी तिच्याकडे लक्ष जातं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हेमांगीचा फोन वाजू लागला.

"मी कल्याणहून बोलतेय. माझी शाबूत आहे हो."

"बरं."

"म्हटलं सांगावं. उद्या करते पुन्हा."

आणि खरंच करायच्या. रोज पंधरा, कधी वीस. काच शाबूत असल्याचं कळवायची गरज नाही, असं हेमांगी सांगू बघे. पण पलीकडून तोवर गुडघे, जावई आणि सुनेचं माहेर येऊन गेलेलं असे. क्लबमध्ये निदान घंटा होती.

मग एका दुपारी कळव्याहून आवडाबाई म्हात्रेंचा फोन आला. मंडळात टाळ धरणाऱ्या, एरवी खणखणीत आवाजाच्या.

"बाय, माझी काच गेली गो."

"कुठे लावलेली?"

"जिन्याकडच्या खांबाला, भेगेवर. खालच्या शेवंतीची पण गेली काल. ती बोलली नाय, घाबरली."

हेमांगीने हातोडी घेतली आणि अर्ध्या तासात कळवा गाठलं. आवडाबाई तिसऱ्या मजल्यावर, शेवंती दुसऱ्या, खांब एकच. तिने खालपासून वरपर्यंत टकटक केली. पहिल्या दोन मजल्यांवर आवाज पोकळ. आतल्या सळ्या गंजून फुगल्या होत्या. त्या दिवशी संध्याकाळच्या आत तिने खांबाला लोखंडी टेकू लावून घेतले. बिल्डिंग पाडायची गरज नव्हती. एक कॉलम वेळेत दुरुस्त करायचा होता.

त्या सोसायटीच्या कमिटीने ऑडिटचा विषय चार वर्षं पुढे ढकललेला होता. या वेळी तो सात मिनिटांत मंजूर झाला. सवाष्णीची काच फुटली तर अपशकुन नक्की कोणाला, हे कमिटीतल्या सगळ्या नवऱ्यांना ठाऊक होतं. सभेत हेमांगी एक वाक्य बोलली, तेही कोणी पूर्ण होऊ दिलं नाही. ऑडिट करा, म्हणाले, संपूर्ण करा, उद्यापासून करा.

ही बातमी भजनाच्या वेगाने कल्याणला गेली. तिथल्या एका सोसायटीला कोणीतरी न बघता 'धोकादायक' असा कागद दिला होता. पण तिथल्या पाच बायकांच्या काचा महिना उलटून गेला तरी जशाच्या तशा होत्या. त्यांना ते लेखी हवं होतं. तिसरं काम तिच्या स्वतःच्या सोसायटीचं. रसिकावहिनी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दारात उभ्या राहिल्या.

"आमच्या तिन्ही विंगचं काय ते ऑडिट कर बाई, आणि सगळं ठीक असलं तर ही काच तुझ्या हाताने उतरवून ने. दोन महिने झाले, नवऱ्याला साधी शिंक आली तरी मी भिंतीकडे बघते."

"आणि ठीक नसलं तर?"

"तर तेही सांग. पण पुढल्या वर्षी वाणात गाळणी दे."

आतून कुकरची शिट्टी झाली. "डबा देऊ," सासूबाई म्हणाल्या. दोन महिन्यांत कुकर सोडून दुसऱ्या कोणाला उद्देशून निघालेलं ते वाणाविषयीचं त्यांचं पहिलं वाक्य.

एकतीस मार्चला सकाळी हेमांगीने भाडेकरारावर सही केली, बघून. दारावरच्या दोन भोकांत पांढरं सिमेंट भरलं. मग तिने प्रीतमला मेसेज लिहिला: मी येत नाही. तीन शब्द. पुन्हा वाचून त्यात काही वाढवण्यासारखं आहे का ते पाहिलं. नव्हतं.

लगेच त्याचं उत्तर आलं. "अगं, ऐकलं मी सगळं! काय सॉलिड नेटवर्किंग केलंस! क्लबवाले विचारतायत, लेक्चर देशील का? अबोल माणसांसाठी. पाऊण तास."

आणि पाठोपाठ फोन. स्क्रीनवर 'प्रीतम' वाजत राहिला. हेमांगी त्याच्याकडे बघत बसली. पाऊण तास म्हणजे किती सेकंद, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप झाला होता आणि तिला घाम फुटला होता. तेवढ्यात त्या फोनच्या डोक्यावर दुसरा आला. कल्याणच्या त्या बाई. शाबूत आहे, एवढंच सांगणार. पण त्याआधी गुडघे, जावई, सुनेचं माहेर. निदान पंधरा मिनिटं.

तिने प्रीतमचा कापला, आजची नोंद करायला वही उघडली आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली.

"बोला," ती म्हणाली.