मुक्ताच्या प्रोफाइलमधलं मराठी

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना कुणाला माझी कीव यायला नको. भूतप्रेत, करणी, बाधा... यातलं मी कधी काही मानलं नाही, आजही मानत नाही. पण जे झालं ते माझ्या घरात झालं — आणि बोट माझं होतं.

आम्ही जबलपूरचे. घर गोरखपूरला — म्हणजे इथलाच बाजाराचा भाग, यूपीतलं शहर नव्हे. मी सिव्हिल लाइन्समधल्या एका प्लेसमेंट एजन्सीत आहे. उमेदवारांचे बायोडेटा आम्ही कंपन्यांना पाठवतो. कंपन्यांना पसारा आवडत नाही. अकाउंटंट हवा असेल तर त्याला गिटार येते हे कशाला? म्हणून ऑफिसात एक सॉफ्टवेअर आहे. उमेदवाराची सगळी स्किल्स स्क्रीनवर छोट्या चौकटींत दिसतात, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात फुली. फुली दाबली की ते स्किल प्रोफाइलमधून गेलं.

मुक्ता आमची एकुलती एक. इथल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी समजतं सगळं, पण उत्तर हिंदीत येतं. मुक्ता तशी नव्हती. मी सकाळी चहा घेत गप्प बसलो की म्हणायची, "काय हो बाबा, काहून तोंड पाडून बसून राहिले? आईनं साखर कमी टाकली का?"

पुण्याच्या एका विमा कंपनीला फोनवर ग्राहकांशी मराठीत बोलणारी माणसं हवी होती. मुक्तानं आमच्याच एजन्सीतून अर्ज केला. तिची निवड होणार, याची मला खात्री होती. आणि ती पुण्याला गेली की मग घरात आम्ही नवरा-बायको दोघंच... दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी तिचं प्रोफाइल उघडलं, 'मराठी'वरची फुली दाबली आणि तसंच पुण्याला पाठवून दिलं.

संध्याकाळी घरी आलो. माझी बायको सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "मुक्ता, ताटं घे गं, पोळ्या गार होऊन राहिल्या!"

मुक्तानं मोबाइलमधून मान वर केली. "मम्मी, क्या बोल रही हो?"

"ताटं घे म्हणते! बहिरी झाली का?"

"हिंदी में बोलो ना."

"आली मोठी मेमसाब!" सुनंदा हसली. मीही हसलो. मुक्ता मात्र हसली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "पापा, सच में... कुछ समझ नहीं आ रहा."

पापा. जन्मात तिनं मला पापा म्हटलं नव्हतं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. हिंदी शाबूत, इंग्रजी शाबूत. "टेंशन है, ठीक हो जाएगी," एवढंच. नातेवाइकांना तर काही वेगळं वाटलंच नाही — जबलपूरच्या पोरी हिंदीच बोलतात! एकदा मी तिचाच जुना व्हॉइस मेसेज तिला ऐकवला. "बाबा, येताना कोथिंबीर आणा, अन् आईला सांगू नका की मी विसरली." तिनं तो पुन्हा लावला. मग हळूच म्हणाली, "आवाज़ तो मेरी है. बोल क्या रही हूँ?"

तेव्हा मला ती फुली आठवली.

ऑफिसात जाऊन मी तिच्या प्रोफाइलमध्ये 'मराठी' परत लिहिलं. सेव्ह झालं. घरी काही फरक नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून विचारलं, काढलेलं स्किल जातं कुठे? "जाएगा कहाँ सर? एक शब्द था, डिलीट हो गया. आप ठीक तो हैं?" ज्यांची स्किल्स मी आजवर काढली होती, त्यांतल्या काहींना काहीतरी निमित्त काढून फोन केले. गिटारवाल्यानं तर फोनवरच वाजवून दाखवली. सगळ्यांचं सगळं जागच्या जागी होतं. गेलं ते फक्त माझ्या मुलीचं... काहून, ते मला आजही माहीत नाही. हे मी लिहितोय, तेही ती वाचू शकत नाही. अक्षरं लागतात तिला, अर्थ लागत नाही.

मग एका रविवारी, चहाच्या वेळी, तिला पुण्याहून फोन आला. विमा कंपनीतल्या बाईंचा आवाज मला समोर बसून ऐकू येत होता. "तुमच्या प्रोफाइलमध्ये मराठी दिसत नाही, पण आडनाव मराठी वाटलं, म्हणून म्हटलं विचारावं. बोलता ना तुम्ही?"

मुक्ता ऐकत राहिली. ओठ हलले तिचे. मग म्हणाली, "जी... सॉरी," आणि फोन ठेवला.

"पापा, मराठी बोल रही थीं ना वो? प्रोफाइल के बारे में?" तिचे डोळे भरले होते. "मुझे आती थी. मैंने तो लिखा भी था. फिर उनके पास पहुँचा क्यों नहीं?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"मैंने हटाया था," मी म्हणालो. का हटवलं, तेही सांगितलं.

ती कपाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. "मुझसे बोल देते, पापा, कि मत जा. झगड़ती, लेकिन सुन तो लेती."

माझी हिंदी बाजारात चालते, ऑफिसात चालते. त्या क्षणी मात्र तोंडून मराठीच आलं. "चुकलो गं बाळा. मला माफ कर."

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "इसका मतलब?"

मग मी तेच तिला हिंदीत सांगितलं.