घरामागची गिबोशी

ओकुयामांच्या घरामागे ऊन कधी पोचत नाही. पुढून घर त्याला अडवतं, मागून देवदारांची रांग, आणि छपरावरून घसरणारा सगळा बर्फ तिथेच साठतो, तो मे उजाडेपर्यंत हलत नाही. हात्सुए लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासूने तिला विहीर, भाजीचे वाफे, गोठा, सगळं फिरून दाखवलं आणि मागचं दार नुसतं उघडून परत लावलं.

"तिथे काही उगवत नाही," सासू म्हणाली. "तिथे तुझं काही काम नाही."

नव्या सुनेला आणखी काय हवं? घरात चुलीपासून शिंक्यापर्यंत प्रत्येक वस्तूवर सासूची नजर होती, आणि ही एवढी मोठी जागा कुणालाच नको होती. पहिल्याच उन्हाळ्यात हात्सुएने ओढ्याकाठून गिबोशी या रुंद पानांच्या रानझाडाचा एक गड्डा उपटून आणला आणि मागच्या भिंतीशी लावला. तामोत्सु, म्हणजे तिचा नवरा, बघून हसला.

"अगं, ती खायची असते. तू काय बघत बसणार आहेस?"

"तुम्ही खा," ती म्हणाली. "मी बघते."

त्याचंही चूक नव्हतं. बर्फ वितळला की गिबोशीचे जे कोवळे कोंब जमिनीतून गुंडाळी करून वर येतात, त्यांना वाडीत उरुई म्हणतात. उकडून, आंबट मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, कालवून खातात. पान एकदा उलगडलं की तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. हात्सुए मात्र उलगडल्यावरच पाहायला लागायची. टोपलीएवढी रुंद, निळसर, शिरा उठून दिसणारी ती पानं पावसाळ्यात एकावर एक अशी ओणवतात की खाली मातीचा कणही दिसत नाही.

पन्नास वर्षांत तिने त्या अंधाऱ्या पट्टीत काय काय केलं ते सांगायला बसलं तर चहा निवेल. देवदाराखालचा कुजका पाचोळा पाठीवरून आणून घातला. पहाटे उठून गोगलगायी वेचल्या, दोन काड्यांनी, भातातले खडे वेचावेत तशा. गड्डा फोडायचा तो शरदात, पानं पिवळी पडल्यावर, आणि कुदळीने कधीच नाही. सुरीने, डोळा न् डोळा मोजून, प्रत्येक तुकड्याला स्वतःची मुळं ठेवून. कुणी कुदळ उचलली की ती म्हणायची, "लाकडं फोडायची असतील तर तिकडे फोडा."

एका वर्षी एका हिरव्या गड्ड्यात एकच कोंब असा आला की त्याच्या पानाला दुधासारखी पांढरी किनार. तो तिने वेगळा लावला. अशा झाडात मधूनच निव्वळ हिरवा कोंब फुटतो, तो मुळासकट काढावा लागतो, नाहीतर तो दांडगट दोन वर्षांत गोऱ्या भावंडांना गिळून टाकतो. एका कोंबाचा सुपाएवढा गड्डा व्हायला अकरा वर्षं लागली, दोन सुपांएवढा व्हायला आणखी पंधरा. शहरातले हौशी लोक गाडी घेऊन तुकडा मागायला यायचे. हात्सुए त्यांना चहा द्यायची, मुळ्याचं लोणचं द्यायची, पिशवी भरून काकड्या द्यायची. तुकडा कुणाला मिळाला नाही.

तामोत्सुची इभ्रत वेगळीकडे होती. बर्फ वितळला की वाडीत सगळ्यांआधी डोंगर चढायचा तो. पाठीवर टोपली बांधून जायचा, संध्याकाळी उरुई भरून आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी सात घरांत सात जुड्या जायच्या. तामोत्सुची जुडी आली नाही तोवर वाडीत वसंत आला असं कुणी म्हणत नसे. डोंगरात त्याची जागा कुठे आहे ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि तिने विचारलंही नव्हतं. ज्याची जागा त्याची, असा तिकडचा रिवाज आहे.

तो शहात्तर वर्षांचा झाला त्या वसंतात हात्सुए मोरीवर बसून त्याची उरुई निवडत होती. तिच्या हातात एक कोंब आला आणि हात थांबला. उरुईच्या पानाला मधोमध एक जाड शीर असते आणि बाकीच्या शिरा तिच्यातून फुटतात. खाली देठ असतो. या पानाच्या सगळ्या शिरा बुडापासून टोकापर्यंत शेजारी शेजारी धावत होत्या, आणि देठ नव्हताच. बाइकेई. ओलसर जागी उरुईच्या शेजारीच उगवतं आणि कोवळं असताना अगदी तिच्यासारखं दिसतं. उकडलं, तळलं, काही केलं तरी त्याचं विष जात नाही. चार घास पोटात गेले तर म्हातारं माणूस सकाळ बघत नाही. वाडीतल्या पाच वर्षांच्या पोरीलाही हे शिकवलेलं असतं, आणि तामोत्सुनेच अर्ध्या वाडीला शिकवलं होतं.

जुड्यांमध्ये तशी तीन पानं निघाली.

सांगावं, तर तो पुन्हा डोंगरावर जाणार नाही. शेगडीपाशी बसून भिंतीकडे बघत राहील आणि दोन हिवाळ्यांत संपेल. त्याला ती ओळखून होती. न सांगावं, तर सात घरांतल्या माणसांचा जीव टांगणीला. बाहेर तामोत्सु गरम पाण्यात पाय सोडून गुणगुणत होता. तिने ती तीन पानं राखेच्या खड्ड्यात पुरली, मागच्या दाराने बाहेर गेली आणि आपल्या गड्ड्यांतले तीन कोंब कापून जुड्यांत घातले. झाकली मूठ झाकलीच राहिली.

पुढच्या वर्षी मूठभर निघाली. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धी टोपली. गिबोशीचे कोंब दरवर्षी कापले तर झाड खंगत जातं, म्हणून तिने प्रत्येक गड्ड्याशी बांबूची काडी रोवली आणि पाळी लावून दिली: एक वर्ष काप, दोन वर्षं विश्रांती. शरदात गड्डे फोडून हिरव्या झाडांची संख्या वाढवली. जागा पुरेना तेव्हा पिवळ्या पानांची, सुरकुतलेल्या पानांची, हौसेने जमवलेली झाडं एकेक करून काढून शेजारणींना दिली. जी बाई शहरातल्या गाडीवाल्यांना तुकडा देत नव्हती, तिने अख्खे गड्डे वाटले. लोकांना वाटलं, म्हातारपणी सुटलं बाईचं मन.

निवडायला ती एकटीच बसायची, दार लावून, प्रत्येक पान दिव्याशी धरून, दोनदा. तिच्या हातून एकदाही चूक झाली नाही. डोंगर चढणाऱ्याचं कौतुक सगळे करतात. मोरीवर उकिडवं बसून आठ वर्षं सात घरं जगवणाऱ्या या बाईपुढे मला तो डोंगर टेकडीएवढा वाटतो.

समोरच्या घरातली त्सुया दर वर्षी जुडी घेताना म्हणायची, "तामोत्सु-सान, डोंगर तुम्हाला फितूर आहे. उरुई कसली, लोणी आहे."

"जागा माहीत पाहिजे," तामोत्सु म्हणायचा.

हात्सुए मागे उभी राहून मान डोलवायची. कधीकधी तिला फार वाईट वाटायचं, खोटं का सांगा. लोणी तिचं होतं.

नवव्या वर्षी हिवाळा लांबला. बर्फाखाली उंदरांनी बिळं केली आणि हिरव्या गड्ड्यांची मुळं मजेत बसून खाल्ली. बर्फ ओसरल्यावर हात्सुएने माती उकरली तर काड्या उभ्या होत्या आणि खाली काही नव्हतं. भिंतीला चिकटून असलेला दुधी किनारीचा तेवढा गड्डा वाचला. त्याची पानं उलगडू लागली होती आणि ती रोज सकाळी जाऊन त्यांच्यापाशी बसत होती.

त्याच आठवड्यात चौऱ्याऐंशी वर्षांचा तामोत्सु काठी टेकत डोंगर उतरून आला. टोपली काठोकाठ भरलेली. "यंदा खूप मिळाली," तो म्हणाला.

तिने दार लावून निवडायला घेतलं. एकूण एक बाइकेई होतं.

टोपली राखेच्या खड्ड्यात रिकामी करून ती सुरी घेऊन मागे गेली आणि त्या गड्ड्यापाशी बराच वेळ उभी राहिली. कापलं नाही, तर उद्या सात दारं वाट बघणार आणि तामोत्सुला सगळं कळणार. कापलं, तर पांढऱ्या किनारीची उरुई कुठल्या डोंगरात उगवते, हे कुणीही विचारील. शिवाय अकरा अधिक पंधरा वर्षं. डोळे भरून आले ते तिने बाहीला पुसले, खाली बसली आणि बुडापासून कापत गेली. जुड्या बांधताना पानं आत दडपली आणि देठ बाहेर ठेवले. त्यातून उरली ती दोघांच्या जेवणाला उकडली.

तामोत्सुने एक घास घेतला, सावकाश चावला.

"दोन दिवस आधी कापायला हवी होतीस," तो म्हणाला. "जून झालीय."

हात्सुएने जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या वर्षापासून. डोंगरातली कधी इतकी जाड असते का? जन्मभर खातोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस." त्याने भाताचा वाडगा खाली ठेवला. "मला उरुई नि बाइकेई आता एकसारखीच दिसतात. तू निवडतेस म्हणून जात होतो. तू नसतीस तर केव्हाच टोपली खुंटीला टांगली असती."

"आणि माझ्या जिवाला घोर लावलात तो? आठ वर्षं मी पानं मोजत बसले."

"हो," तो म्हणाला. "ते माझं चुकलं." मग विचारलं, "तो पांढऱ्या काठाचा होता ना, तोच कापलास?"

"मुळं आहेत. येईल पुन्हा."

त्याने वाडग्यातली उरुई शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

सकाळी हात्सुए उठून बघते तर जुड्यांची टोपली जागेवर नव्हती. ती तशीच दारात गेली. तामोत्सु त्सुयाच्या दारात उभा होता, चांगला सदरा घालून.

"ही डोंगरातली नाही," तो सांगत होता. "हात्सुएने लावलेली आहे. आठ वर्षं तुम्ही तिच्याच हातची खाताय. मी आणत होतो त्यात विष होतं. मला आता पान ओळखता येत नाही. ती निवडत होती."

त्सुयाने जुडी हातात घेऊन उलटून पाहिली. आत दडपलेलं एक पान सुटून पांढरी किनार बाहेर आली होती. मग ती म्हणाली, "अजून सहा घरं आहेत, तामोत्सु-सान. प्रत्येक दारात हे सांगणार?"

"सांगणार," तो म्हणाला आणि काठी टेकत पुढच्या घराकडे वळला.

तिसऱ्या घरापर्यंत हात्सुएला त्याचे शब्द ऐकू आले. पुढे ऐकू येईना, नुसता तो दारादारात वाकताना दिसत होता, आणखी चार वेळा.