पूरग्रस्तांचा प्रयोग

कुजबुजेमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते मला दिसलेच नाहीत, नुसते ऐकू आले. एका हौशी नाटकात मी राजवैद्य होतो आणि ऐन प्रवेशात माझी जीभ टाळ्याला चिकटली. विंगेतून मामांनी वाक्य कुजबुजलं. त्या कुजबुजीनं माझी दाढी हलली, बाल्कनीत झोपलेला डोअरकीपर उठून तिकिटं मागू लागला आणि दातही न फुटलेल्या एका तान्ह्या पोरानं ते वाक्य माझ्याआधी म्हटलं. असा हा प्रॉम्प्टर! त्यांचं खरं आडनाव मामींना तरी ठाऊक होतं की नाही, शंकाच आहे.

पाऊस पूर्वी सांगून यायचा. हल्ली जप्तीला आल्यासारखा येतो. त्या वर्षी तो उन्हाळ्यातच आला आणि एका दुपारी नदीनं खालची अर्धी वस्ती नेली. मामांचं घर गेलं, एकुलती एक लेक गेली. मामी वाचल्या, पण तेव्हापासून एक अक्षर बोलल्या नाहीत. जेवणही जेमतेम.

"आतल्या आत खंगतायत. काहीही करून बोलतं करा, नाहीतर हाती लागायच्या नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. रांग मोठी होती.

उरलेले आम्ही टेकडीवरच्या नाट्यगृहात राहायला आलो. फुकट पासावरही जे कधी फिरकले नव्हते, ते आता तिथल्या खुर्च्यांत घोरू लागले. नळ एकच. एका बादलीवरून दोन सख्खे भाऊ हातघाईवर आले. एरवी सगळे छताकडे बघत बसायचे.

मग मामांनी फर्मान काढलं : रोज संध्याकाळी एकानं रंगमंचावर जायचं आणि आपली गेलेली एक वस्तू सांगायची. अडलं, तर ते विंगेत आहेतच.

पहिला गेला बसचा कंडक्टर. बायकोच्या शिलाई मशीनबद्दल सांगता सांगता त्याला रडू फुटलं आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं. लगेच विंगेतून आवाज : "आणि त्याच मशीनवर मी स्वतःची पँट शिवली, तर दोन्ही पाय एकाच नळीत!"

अख्खं नाट्यगृह हसलं.

"अहो मामा, सुखानं रडू तरी द्या!"

"रड की! पण मोठ्यानं रड. मागच्या रांगेला ऐकू येत नाहीये."

बेकरीवाला भट्टीसाठी रडला. ते दोघे भाऊ एकाच अंगणाबद्दल बोलले आणि दुसऱ्या दिवशी बादली दोघांनी मिळून उचलली. मामा मात्र विंगेतून एकाच खुर्चीकडे बघत असायचे. हा खटाटोप कुणासाठी चाललाय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि एके संध्याकाळी मामी उठल्या. कुणी न सांगता पायऱ्या चढून मध्यभागी उभ्या राहिल्या. कंडक्टरनं खोकला गिळला. मामींनी आमच्याकडे पाहिलं, बोटं एकमेकांत गुंतवली, ओठ उघडले. शांतता. आणखी शांतता.

शांतता म्हणजे नटाचं हुकलेलं वाक्य, हेच ज्याला जन्मभर ठाऊक, त्यानं काय करावं? विंगेतून आवाज आला : "माझी पोर..."

शब्द बरोबरच असणार. मामींनी ओठ मिटले, एकदा विंगेकडे पाहिलं आणि खाली उतरून आपल्या खुर्चीत बसल्या.

"मामा, थांबायचं होतं हो थोडं," कंडक्टर म्हणाला.

"थांबायला मला कुणी शिकवलंच नाही रे," मामा म्हणाले. ते पहिल्या रांगेलाही जेमतेम ऐकू आलं.

त्यानंतर ते विंगेत गेले नाहीत. प्रयोग आणखी काही दिवस चालले. पुढच्या पावसात पाणी टेकडीला लागलं आणि आम्हाला निरनिराळ्या गावी हलवलं. मामी थंडीत गेल्या. बोलल्या नाहीत.